न जळणारं छप्पर

टाकाऊ असं जगात काही असतं, हे माझ्या साडूंनी अखेरपर्यंत कबूल केलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. परभणीला विद्यापीठात संशोधक होते आणि शेतात उरलेल्या काडीकचऱ्यापासून घर बांधायचं सामान तयार करायचं, हा त्यांचा विषय होता. विषय कसला, वेडच ते. माझ्या लग्नात सगळे पाहुणे वरातीच्या गडबडीत असताना हा माणूस उष्ट्या पत्रावळी दोन पोत्यांत भरत होता. आमचे सासरे मांडवाच्या खांबाला टेकून ते बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. नव्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे, वळून ते म्हणाले, "तुमचे साडू लय शिकलेले हायत. पर कुटं तरी एक तार निसटलीय." मी नवा नवरा, काय बोलणार? पुढं पंधरा वर्षं मी ती निसटलेली तार शोधत राहिलो.

त्यांच्या घरी जायचं म्हणजे आंघोळ करून जावं लागे. न्हाणीत कायम पऱ्हाट्या भिजत पडलेल्या. कपाशी वेचून झाली की शेतकरी पऱ्हाट्या उपटून जाळतात, साडू त्या गाडीभर घरी आणत. आधी धुवायच्या, मग भिजवायच्या, मग ते पाणी बाटलीत भरून तपासायचं. कारण कपाशीवर फवारलेलं औषध काडीत किती उरलं, हे त्यांना कळायला हवं होतं. "साडूभाऊ," ते मला सांगत, "माल किती टिकतो हे सगळेच बघतात. त्याच्याखाली राहणारा माणूस किती टिकतो, ते कुणी बघत नाही." बोलणं पटण्यासारखं होतं, पण आमची मेहुणी आणि दोन मुली शेजारच्या घरी जाऊन आंघोळ करत होत्या, हेही खरं. घरामागं त्यांनी वाळवी पाळली होती. लोक कोंबड्या पाळतात, यांनी वाळवी. नवीन तक्ता तयार झाला की त्याचा तुकडा वारुळाशी ठेवायचा आणि रोज सकाळी दात घासत घासत जाऊन बघायचं. वाळवीनं खाल्ला की तोंड पाडून चहा प्यायचे. मेहुणी म्हणायची, "माझ्या हातची भाजी कुनी तोंडात घातली न्हाई तरी चालतं यांना. पर यांचा तक्ता वाळवीनं खाल्ला की दिवसभर जेवन जात न्हाई."

एकदा त्यांनी चिपाडाच्या भुश्शाचा एक स्टूल करून सासऱ्यांना भेट दिला. सासरे त्यावर बसले आणि स्टुलासकट जमिनीवर आले. आम्ही सगळे त्यांना उठवायला धावलो. साडू धावले ते स्टुलाकडे. तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि जमिनीवर बसलेल्या सासऱ्यांना अगदी आदरानं म्हणाले, "मामा, तुम्ही डाव्या अंगावर भार जास्त देता."

मी तेव्हा गंगाखेडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. त्यांच्या गावाकडून येणाऱ्या सोनपेठच्या गाडीतून साडू उतरले की कंडक्टर माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे, कारण टपावर यांच्या चिपाडाच्या, काड्यांच्या मोळ्या. "साहेब, तुमचे पावनेच हायत म्हनून आनलं. न्हाई तर गाडीला आग लागंल कदी तरी." आग या शब्दावर साडू एकदम गप्प व्हायचे. मोळ्या खाली घ्यायला लागायचे.

त्याचं कारण मला माहीत होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं त्या वर्षी त्यांच्या गावची आमच्या लोकांची वस्ती जळाली. नऊ घरं. गवताची, तुऱ्हाट्यांची छपरं होती, ती पेटायला वेळ लागला नाही. माणसं वाचली, बाकी काही उरलं नाही. साडूंचे आईवडील लहानपणीच गेलेले. त्यांना वाढवलं ते चुलतीनं, आणि पहिलं पेटलं ते तिचं घर. साडू पोचले तेव्हा ती राखेतून तांब्या शोधत बसली होती. त्या दिवसापासून साडूंच्या संशोधनाला एकच प्रश्न उरला. पऱ्हाट्यांच्या भुग्याचा, गरिबाला परवडेल असा पत्रा करायचा आणि तो जळता कामा नये.

दीड वर्षानं त्यांनी चुना घालून दाबलेला पहिला पत्रा वस्तीत नेला. मी सोबत होतो. साडूंनी विद्यापीठातून आणलेला स्टोव्ह काढला, घड्याळ काढलं. पण वस्तीतली माणसं तयार होईनात. विद्यापीठाची आग विद्यापीठाच्या मर्जीनं जळते, ती आमाला कशाला दाखवता, असं त्यांचं म्हणणं. मग असं ठरलं की प्रत्येक घरानं आपापली आग आणायची. कुणी रॉकेलचा बोळा आणला, कुणी गवताची पेंढी, कुणी गोवऱ्या. प्रत्येकानं आपलं घर कसं पेटलं होतं ते आठवून, त्याच बाजूनं, तशीच आग लावली. साडू हात मागं बांधून उभे होते. पत्रा आठ आगींतून निभावला. नववी चुलतीची. तिनं चुलीतले निखारे घमेल्यात आणले, पत्र्यावर ओतले आणि शेजारी बसून राहिली. अर्ध्या तासानं पत्रा आतून धुमसायला लागला. चुलती उठली, लुगडं झाडलं आणि म्हणाली, "जाळ काय घड्याळ बघून थांबत न्हाई लेकरा."

हा शेरा साडूंना फार लागला. पुढचे काही महिने त्यांनी खाणंपिणं सोडल्यासारखं काम केलं आणि त्या घाईत जे करायला नको होतं ते केलं. एका कारखान्याच्या भंगारात त्यांना बॉयलरवरून काढलेलं जुनं आवरण मिळालं. ॲस्बेस्टॉसचं, पांढरं, कापसासारखं. आगीपुढं त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्यांच्याकडच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. आणि फुकट जाणारा माल, तो तर साडूंच्या जीवाचा विसावा. घरामागं बसून त्यांनी ते हातानं पिंजलं, कोरडंच, आणि भुग्यात मिसळलं. काडीतलं औषध बाटलीत धरून तपासणारा माणूस, पण या पांढऱ्या पिंजणाचं पाणी तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी त्या दिवसांत एकदा गेलो तर त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मी हसलो. तेही हसले.

नवा पत्रा चुलतीच्या निखाऱ्यांखाली दुपारपासून दिवे लागेपर्यंत राहिला. काळा पडला, पण धुमसला नाही. चुलतीनं त्याच्यावर तळहात ठेवला. "हे माझ्या घरावर घाल," एवढंच म्हणाली. त्या उन्हाळ्यात नऊही घरांवर पत्रे चढले. साडूंना एवढं सुखी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

चार वर्षं गेली. एक दिवस साडू स्टँडवर आले ते हात हलवत, एकही मोळी नाही. बाकावर बसले. वाचनालयात परदेशातली काही मासिकं उशिरानं आली होती. त्यात त्या पांढऱ्या पिंजणाबद्दल होतं. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे छातीत जातात, तिथंच राहतात आणि वीस-वीस वर्षांनी माणसाला धरतात. "नऊ घरं," ते म्हणाले. "साडूभाऊ, मी नऊ घरांवर घातलं ते." बस सुटायची वेळ झाली होती. मी शिट्टी द्यायची विसरलो.

पत्रे काढायचे ठरवून ते वस्तीत गेले, पण वस्ती काढू देईना. ते समजावून सांगत होते, ओल्या खडूनं जमिनीवर छातीचं चित्र काढून दाखवत होते आणि माणसं ऐकून घेत होती. मग एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सर, खोकल्यानं मरायला वीस वर्सं लागतेत म्हनता. जाळ यायला काडी पुरते. आमी वीस वर्सं घेतो." नामांतराचा निकाल अजून लागायचा होता आणि रात्री कुत्रं भुंकलं तरी त्या वस्तीत माणसं उठून बसत.

साडूंनी परभणीत प्लॉट घेऊन चार भिंती उभ्या केल्या होत्या, त्यांच्यासाठी लोखंडी पत्रे येऊन पडले होते. ते त्यांनी वस्तीत आणून टाकले, कमी पडले तेवढे आणखी मागवले. ते घर पुढं कधी झालं नाही. लोखंड बघून आठ घरं हळूहळू तयार झाली. जुने पत्रे साडूंनी स्वतः उतरवले. तोंडाला ओलं फडकं, प्रत्येक पत्रा आधी पाण्यानं चिंब करायचा आणि मग काढायचा. मला फक्त पाणी द्यायला ठेवलं, शिडीवर पाय ठेवू दिला नाही.

चुलती मात्र ऐकेना. तिचा लोखंडावर विश्वास नव्हता, तिनं त्याला आग लावून पाहिली नव्हती. साडू तिच्या दारासमोर लिंबाखाली जाऊन बसले. त्या छपराखाली जेवणार नाही म्हणाले. ती म्हणाली, मंग उपाशी बस, भाकर बाहेर देनार न्हाई. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, परत गेली, पुन्हा आली. शेवटी लिंबाखाली येऊन ताट त्यांच्यापुढं आदळलं आणि म्हणाली, "काढ. माझ्या डोक्यावर ऱ्हावं म्हनून आनलंस, तूच काढ." साडू भाकरी खात रडत होते. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

उतरवलेले पत्रे खोल खड्ड्यात ओले करून पुरले. आपल्या पत्र्याबद्दलचा अहवाल साडूंनी लेखी अर्ज करून मागं घेतला. असा अर्ज कोणत्या फायलीत लावायचा हे कुणाला कळेना, म्हणून तो बरेच दिवस नुसताच फिरत राहिला. मग त्यांनी एक वही केली. नऊ घरांतल्या प्रत्येक माणसाला एक पान. दर सहा महिन्यांनी जायचं आणि खोकला, दम, छातीतली कळ, विचारून लिहून घ्यायचं. आमचा हसरा माणूस त्या वहीनं खाऊन टाकला. मला त्या वहीचा राग येई. पुढं दमानं गावचा चढ चढवेना तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली.

नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते परभणीला दवाखान्यात पडले ते उठलेच नाहीत. छाती आखडत चालली होती. डॉक्टरांनी कारण नक्की सांगितलं नाही. साडूंनी विचारलंही नाही. "पिंजलं मी, पहिला मीच पाहिजे," असं एकदा म्हणाले आणि त्यात त्यांना थोडं समाधान वाटत असावं.

शेवटच्या आठवड्यात चुलती आली. एसटीनं, एकटी. पलंगाशी स्टुलावर बसली, पदर तोंडाशी धरून. साडूंनी ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि विचारलं, "काकी, खोकला येतो का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "पाणी आणताना दम?" पुन्हा मान. "बोल की." "न्हाई रं," ती म्हणाली आणि पदर आणखी घट्ट धरला. अर्धा तास ती तशीच बसली होती, डोळ्यांत पाणी आणून, त्यांच्या पायावरून हात फिरवत. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. मला वाटलं, रडू आवरतेय.

बाहेर जिन्यात आल्यावर तिनं कठडा धरला आणि खोकायला लागली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी पाणी आणलं. श्वास परतल्यावर म्हणाली, "दोन-चार म्हैने झाले. चुलीचा धूर बी असंल. त्येला सांगू नका." मी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं पुन्हा मानेनंच बजावलं.

वर आलो तर साडू जागे होते. चेहरा कधी नव्हे इतका मोकळा. "काकीचं पान काढा," म्हणाले, "लिहा, तारीख टाकून. काही त्रास नाही." मी पेन उघडलं. साडूंच्या सगळ्या संशोधनात तेवढी एक नोंद खोटी आहे आणि ती माझ्या अक्षरात आहे. वही अजून माझ्याकडे आहे. ती नोंद मी खोडलेली नाही.