लेकरांच्या लसीनं राखलेलं मूत्राशय

"गाठ कॅन्सरची आहे," नागपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "पण अजून मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातच आहे. खोल गेलेली नाही." मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. बाकीचं माझ्या बायकोनं, सुमननं ऐकून ठेवलं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या आसगावचा. तलावात छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ओढायचं, हा आमचा पिढ्यांचा धंदा. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. एका सकाळी लघवी लाल झाली. दुखलं काहीच नाही, म्हणून उष्णता समजून धन्याचं पाणी पीत बसलो. लाली गेली आणि पुन्हा आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला धाडलं.

तिथं सिस्टोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून आत पाहिलं. मग त्याच वाटेनं गाठ खरवडून काढली आणि बायोप्सीला, म्हणजे तुकडा तपासायला, पाठवली. त्याचाच निकाल डॉक्टर सांगत होते.

"अशी गाठ परत येते," ते म्हणाले. "खोल गेली तर मूत्राशय काढावं लागेल. मग पोटावर लघवीची कायमची पिशवी." ती घेऊन पाण्यात कसा उतरणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरू लागलं.

"त्याआधी एक नवा उपाय करून पाहू. बीसीजी."

सुमन म्हणाली, "ते तं लेकराईच्या दंडाले टोचतेत. यायले कायले?"

डॉक्टर हसले नाहीत. "क्षयाची तीच लस. मूत्राशयात सोडली की शरीराला वाटतं, शत्रू घुसला. त्याच्याशी लढताना ते कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडतं. याला इम्युनोथेरपी म्हणतात. आपल्याच प्रतिकारशक्तीकडून करून घ्यायचा उपचार."

दर आठवड्याला नागपूर. कॅथेटर, म्हणजे रबराची बारीक नळी, घालून औषध आत सोडायचं. मग दोन तास लघवी रोखून कूस बदलत पडायचं. विडीनं ही गाठ बळावते म्हणून ती त्यांनी आधीच सोडायला लावली होती.

तिसऱ्या खेपेनंतर थंडी वाजून ताप भरला. लघवीला आग, अंगात त्राण नाही. मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "मले नाही जायचं आता."

"ताप दोन दिसात उतरते जी," सुमन म्हणाली. "गाठ वाढली तं ते उतरन काय? उठा."

डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, एक आठवडा विश्रांती दिली. मग उरलेल्या खेपा पार पडल्या.

काही महिन्यांनी पुन्हा सिस्टोस्कोपी. डॉक्टर बराच वेळ आत पाहत राहिले. मग म्हणाले, "अस्तर स्वच्छ आहे. गाठ नाही." मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं.

बाहेर बाकावर सुमन बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझा हात किती तरी वेळ धरून ठेवला.

तपासण्या त्यानंतरही चालूच राहिल्या. तुमच्या लघवीतून रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून माझ्यासारखे थांबू नका. आणि उपचारात ताप आला, तर घरी न बसता डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी तलावात उतरलो. सुमन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभी होती. बाहेर आलो तर तिनं माशांच्या टोपलीत डोकावून पाहिलं.

"एवढेच? उद्या लवकर जा," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली नव्हती.