दुसऱ्या लाइनवरचा दिवा

तिला सगळे गोबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही, तोंडावर मॅडम. विद्यापीठाच्या कलाभवनात नाटक असो, नाच असो, नाहीतर कुणा पाहुण्याचं लांबलचक भाषण असो, दिवे कधी लागायचे, पडदा कधी सरकायचा, आवाज कधी सोडायचा हे सगळं तिच्या एका शब्दावर चाले. ती रंगमंचाच्या उजव्या विंगेत, काळ्या पडद्याआड एका उंच स्टुलावर बसे. कानाला हेडसेट, समोर लहानसा टीव्ही आणि बटणांची पेटी. आधी म्हणायची, "स्टँडबाय." म्हणजे हात कामावर ठेवा आणि तोंडं बंद करा. मग म्हणायची, "गो." स्टँडबाय आणि गो यांच्यामध्ये कुणी ब्र काढायचा नाही, आणि गो ऐकल्याशिवाय कुणी बोट हलवायचं नाही. साधी शिंक आली तरी मंडळी नाक दाबून धरत. उगाच नाही गोबाई नाव पडलं!

दिवे तिचा नवरा सांभाळे. तो वर बाल्कनीमागच्या केबिनमध्ये. दिव्यांचं यंत्र जुनं होतं, एकेका दिव्याची कळ हाताने वर-खाली सरकवायची. हेडसेटवर तोही तिला मॅडमच म्हणायचा, आणि असा काही लाडात म्हणायचा की बाकीचे गालातल्या गालात हसत. लग्नही याच इमारतीत जमलेलं. त्या काळी ती पडदा ओढायची, हा शिडीवर चढून दिवे टांगायचा, आणि खाली शिडी धरायला मुद्दाम हिलाच बोलवायचा.

तर सगळं बरं चाललेलं असताना साउंडवाली आली.

तिशीची असेल. केसांचा डोक्यावर बुचडा, त्यात खोचलेली पेन्सिल, खळखळून हसणं. काम चोख, त्यात बोट ठेवायला जागा नाही, आणि हेच गोबाईला जास्त झोंबे. कामात ढ असती तर हाकलून तरी देता आली असती! नवऱ्याला ती दादा म्हणायची, गोबाईला ताई. "दादा म्हणते ना, मग झालं तर," असं गोबाईची थोरली बहीण फोनवर म्हणाली.

"दादा म्हटलं म्हणजे काय झालं?" गोबाई फणकारली. "जिभेला काय हाड असतं?"

आता त्या हेडसेटची गंमत अशी की त्याला दोन लाइनी. पहिली सगळ्यांची. दुसरी दिवे आणि साउंड यांची, म्हणजे त्यांच्या बारीकसारीक बोलण्याने मुख्य लाइन अडू नये म्हणून. दुसऱ्या लाइनवर कुणी बोलायला लागलं की गोबाईच्या पेटीवर एक हिरवा ठिपका पेटे. एवढी वर्षं तो ठिपका क्वचित कधी पेटायचा. आधीचा साउंडवाला घुम्याच होता, त्याच्याशी कोण बोलणार? हल्ली मात्र कार्यक्रम सुरू झाला की ठिपका लागलाच. विझायचा, परत लागायचा. गोबाईने बटण दाबलं असतं तर तिलाही ऐकू आलं असतं. पण ती दाबत नव्हती. दुसऱ्याच्या लाइनीत कान घालायचा नाही हा नियम तिनेच घालून दिलेला. नियमाला ती फार पक्की होती. म्हणून ती नुसती त्या ठिपक्याकडे बघत बसायची आणि आतल्या आत जळत राहायची.

बघायला इतरही पुष्कळ होतं. नवरा केबिनच्या जिन्याने उतरताना साउंडवाली त्याच्या कोपराला धरायची. चहाचे दोन कप घेऊन वर जायची, आणि गोबाईचा कप विंगेत कुणीतरी आणून आदळायचं. आणि कडी म्हणजे, गोबाईने एक दिवस कमरेपर्यंतची वेणी कापून केस पार मानेवर आणले. सगळं कलाभवन बघायला लोटलं. ज्याच्यासाठी कापले तो पठ्ठ्या समोर बसून जेवला, ताट उचललं आणि झोपायला गेला. एक शब्द नाही! तिने रात्रभर उशी ओली केली नाही एवढंच, बाकी सगळं केलं.

"पुरुषांना दिसत नाहीत गं असल्या गोष्टी," बहीण म्हणाली.

"तिचा बुचडा बरा दिसतो!"

यात आणखी एक माणूस सांगायला हवा, तो म्हणजे दोरीवाले अण्णा. पडदे, देखावे वर-खाली करणाऱ्या दोऱ्या जन्मभर त्यांच्या हातात. मग त्यांचा खांदा गेला. एकदा दोरी हातातून सुटली, कुणाला लागलं नाही, पण गोबाईने त्यांना त्याच आठवड्यात दोऱ्यांवरून उठवलं आणि दारावर तिकिटं फाडायला बसवलं. अण्णा गयावया करत होते. ही हलली नाही. त्या दिवशी घरी येऊन वर नवऱ्याला ऐकवलंन, "नियम म्हणजे नियम. उद्या नवरा असता तरी उठवला असता." नवरा भाजी चिरत होता, तो हसला. तेव्हापासून अण्णा तिच्याशी बोलत नसत. ती दारातून आत शिरली की तिकिटांच्या गठ्ठ्याकडे बघत.

तर त्या आठवड्यात नृत्य विभागाचा मोठा कार्यक्रम होता. पहिलाच खेळ. नृत्य विभागाच्या प्राध्यापिकाबाई स्वतः नाचणार, सगळं विद्यापीठ झाडून हजर. मध्ये एक जागा होती. पूर्ण अंधार होतो, नर्तकी अंधारात मधोमध येऊन उभी राहते, आणि मग एका बाजूने निळा प्रकाश हळूहळू तिच्यावर चढतो. दिवे गेले. प्राध्यापिकाबाई जागेवर आल्या. गोबाई म्हणाली, "दिवे, साउंड, स्टँडबाय."

आणि हिरवा ठिपका पेटला.

स्टँडबाय दिल्यावर! तिच्या स्टँडबायनंतर, तिच्या अंधारात, यांच्या गप्पा! गोबाईच्या मस्तकात तिडीक गेली. आजवर पाळलेला नियम गेला खड्ड्यात. तिने दुसऱ्या लाइनचं बटण दाबलं.

"पुढचा कुठला?" नवऱ्याचा आवाज. दबका, घाबरलेला.

"निळा, दादा. वरची रांग. डाव्या टोकापासून चौथी कळ. बोटांनी मोजत या." साउंडवालीचा आवाज.

"एक... दोन... हं. हीच ना? मला नुसतं धुकं दिसतंय गं."

"तीच. घट्ट धरून ठेवा. दादा, आता तरी ताईंना सांगा. मी कुठवर पुरणार?"

"नको. ती उठवेल मला. अण्णांना उठवलं तसं आठवड्यात उठवेल."

गोबाईचं बोट बटणावर तसंच राहिलं. मत्सर जायला हवा होता, नाही का? तो गेला नाही, उलट दुप्पट झाला. हसण्या-खिदळण्याचा मत्सर तिने पचवला असता. पण याची भीती, याचा अंधार, हे तिचं होतं, तिच्या घरातलं होतं, आणि ते त्याने दुसरीच्या ओंजळीत नेऊन ठेवलं होतं.

या सगळ्यात ती गो म्हणायची राहिली.

नर्तकी अंधारात उभी. प्रेक्षक अंधारात बसलेले. सगळ्यांचे हात कामावर, तोंडं बंद. कुणी विचारणार कसं? नियमच तसा होता. कुणीतरी खोकलं. रंगमंचावर प्राध्यापिकाबाईंचे घुंगरू किंचित थरथरले.

शेवटी पहिल्या लाइनवर, नियम मोडून, नवराच हळूच म्हणाला, "मॅडम, आम्ही थांबलोय."

"गो," गोबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

कार्यक्रम संपल्यावर प्राध्यापिकाबाई घाम पुसत विंगेत आल्या तेव्हा गोबाई शिव्या खायला तयार उभी होती. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तो अंधार! काय लांबवलात हो! अंगावर काटा आला माझ्या. उद्याही तेवढाच ठेवा." गोबाईने मान डोलावली. हसावं की रडावं ते कळेना.

मग ती तडक प्रेक्षागृहात गेली. साउंडवाली मागच्या खुर्च्यांजवळ वायरी गुंडाळत होती.

"केव्हापासून?"

साउंडवालीने वायर खाली ठेवली. तिला लगेच कळलं. "मी आले तेव्हापासून, ताई. लाल हवा होता तिथे हिरवा लागला. मी विचारलं, 'दादा, दिसत नाही का?' तर ते रडायलाच लागले."

"मलाही तो हिरवा दिसला होता." गोबाई खुर्चीवर टेकली. "मी त्याला पहिल्या लाइनवर सगळ्यांदेखत झापलं होतं."

साउंडवालीने वायर परत उचलली. ती काही बोलली असती तर गोबाईने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या.

सकाळी चहाच्या वेळी नवरा खिडकीपाशी बसला होता. गोबाईने कप त्याच्या हातात दिला, नेहमीसारखा समोर ठेवला नाही.

"माझे केस कसे दिसतात?" तिने विचारलं.

"छान की."

"छान म्हणजे कसे?"

तो गडबडला. "वेणी काय... नेहमीसारखीच छान."

ती खाली बसली. त्याचा हात ओढून आपल्या मानेवर ठेवला. त्याची बोटं वेणी शोधत राहिली, आणि मग थांबली.

"कधी कापलेस?"

"झाले बरेच दिवस."

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "मधोमध दिसत नाही गं. कडेचं सगळं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की ओटा दिसतो, खिडकी दिसते, दारामागची छत्री दिसते. तू तेवढी दिसत नाहीस. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही."

"डॉक्टरकडे कोण आलं होतं बरोबर?" तिच्या तोंडून निघून गेलं. विचारायची गरजच नव्हती. "मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तू मॅडम आहेस."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा असतेस की." तो हसायला गेला, पण ते साधलं नाही. "नवरा असता तरी उठवला असता, असं म्हणाली होतीस. मी तेव्हाच कांदा चिरताना बोट कापून घेतलं होतं, तुझ्या लक्षात आलं नाही. मग? उठवणार ना?"

ती उठली. कप विसळले आणि कामावर निघाली.

दारावर अण्णा होते. गोबाई त्यांच्यापुढे उभी राहिली. "अण्णा, तुम्ही आत या उद्यापासून. दोरी ओढायची नाही. ओढणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून सांगायचं. माझं चुकलं." अण्णांनी तिकिटांचा गठ्ठा सरळ केला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण या वेळी त्यांनी तिच्याकडे बघितलं.

मग ती साउंडवालीकडे गेली. हे सगळ्यात जड होतं. स्वतःच्या नवऱ्याशी कसं बोलायचं ते दुसऱ्या बाईकडून शिकायचं! पण ती शिकली. साउंडवालीने सांगितलं, "नंबर सांगू नका, ते गोंधळतात. जागा सांगा. डावं टोक, उजवं टोक, मग मोजणी. आणि धरलं म्हणाले की 'तीच' म्हणायचं, नाहीतर बोट सोडतात." गोबाई दात-ओठ खात ऐकत होती. मग म्हणाली, "शिडीवर तो यापुढे चढणार नाही. दिवे दुसरे टांगतील. आणि आजपासून दुसऱ्या लाइनवर मी. तू पहिलीवर थांब."

"बरं, ताई," साउंडवाली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही आलं, तेही गोबाईला सहन झालं नाही.

संध्याकाळी दुसरा खेळ. तीच जागा आली. दिवे गेले, नर्तकी मधोमध आली. गोबाईने दुसऱ्या लाइनचं बटण दाबलं. पेटीवर हिरवा ठिपका पेटला, आज तिच्याच बोटाने.

"निळा," ती म्हणाली. "वरची रांग. डाव्या टोकापासून चौथी."

पलीकडे कुणी श्वास रोखल्याचा आवाज आला.

"तू आहेस?" तो म्हणाला.

"मीच. मोज."

"एक, दोन, तीन... धरली."

"तीच." आणि तिने दोन्ही लाइनींवर म्हटलं, "स्टँडबाय."

कलाभवन चिडीचूप. आणि त्या शांततेत, स्टँडबायनंतर, त्याचा हलका आवाज तिच्या कानात आला, "ती जरा हळू सांगते. घाई करत नाही."

गोबाईची कानशिलं तापली. 'मग जा की तिच्याकडेच!' जिभेच्या टोकावर आलं होतं. पण स्टँडबाय देऊन झालेला होता, आणि त्यानंतर बोलायचा शब्द एकच होता. प्राध्यापिकाबाईंनी मागितला होता तेवढाच अंधार तिने धरून ठेवला. तेवढ्या वेळात तिने एकदा डोळे पुसले आणि वर केबिनच्या काचेकडे बघितलं. तिथून त्याला ती दिसणार नव्हती, काचेची चौकट तेवढी दिसत असेल.

"गो," ती म्हणाली. हळू, अजिबात घाई न करता.

निळा प्रकाश बरोबर जागी चढला.