मर्यादित खातं

ॲडमिनसाहेब हे नाव त्यांना कचेरीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी ते केकवरच लिहून आणलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि राग येण्याऐवजी गडी मनातून खूश झाला. कचेरीतला एकूण एक कॉम्प्युटर त्यांच्या हाताखाली होता. कुणाला साधा प्रिंटर जोडायचा झाला तरी साहेबांची वाट बघत बसावं लागे.

घरी कॉम्प्युटर एक, माणसं दोन, पण कारभार कचेरीचाच. त्यावर दोन खाती. एक त्यांचं, सगळे अधिकार असलेलं. दुसरं बायकोचं, मर्यादित. मर्यादित म्हणजे तिने बघावं, ऐकावं, पण कशात ढवळाढवळ करू नये. "उगाच कुठेतरी हात लागायचा आणि सगळं बंद पडायचं," असं ते म्हणत. बायको त्यावर कधी काही बोलली नाही. दुपारी साहेब आडवे झाले की ती हेडफोन लावून गाणी ऐकत बसायची, बरोबरीने गुणगुणायची, आणि ते उठायच्या आत चहा ठेवायला जायची. कुठली गाणी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडक्यात वाचला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण शब्द ओठांशी येऊन अडायचा. दिवसभर कानावर "अहो" पडायची सवय असलेल्या माणसाला ते घर खायला उठलं. ती इस्पितळात होती तेव्हा साहेब घरी आले की हाताला चाळा म्हणून कॉम्प्युटर साफ करत बसत. नको त्या फायली पुसल्या, जुने प्रोग्रॅम काढले, आणि त्या भरात तिच्या गाण्यांचं ॲपही जागा खातंय म्हणून मुळासकट उपटून टाकलं.

आणि आता बोलणं शिकवायला घरी येणाऱ्या बाईंना नेमकं तेच हवं होतं.

"बोलताना जो शब्द सापडत नाही, तो कधीकधी गाताना सापडतो," बाई म्हणाल्या. "पण गाणी त्यांच्या सवयीची हवीत. कुठली गुणगुणायच्या त्या?"

"जुनी," असं सांगून साहेबांनी वेळ मारून नेली. बाईंनी जाता जाता हेही बजावलं, की हे सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पुढे फार जड जातं. साहेबांनी मोबाइलवर स्वतःच्या आवडीची दोन-चार गाणी लावून बघितली, तर बायकोने खिडकीकडे मान फिरवली. तिची गाणी तिच्या यादीत होती, आणि यादी त्या ॲपमध्ये होती.

साहेबांनी ॲप उतरवून घेतलं. बसवायला गेले तर मध्येच एक चौकट आली. त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चौकट. व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद केला, जुन्या ॲपची उरलीसुरली फोल्डरं हुडकून पुसली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकट हजर. शेवटी त्यांनी ब्रह्मास्त्र काढलं. माउसचं उजवं बटण दाबलं आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' ही ओळ निवडली. कचेरीत या एका ओळीने भलीभली दुखणी पळवली होती. इथे चौकट आणखी लवकर आली.

नाइलाजाने परगावच्या लेकीला फोन लावला.

"बाबा, त्या चौकटीत लिहिलंय काय?"

"एरर आहे."

"ते कळलं हो. पण लिहिलंय काय?"

समोर काय लिहिलंय ते आधी वाचा, म्हणून ज्यांनी जन्मभर लोकांना फैलावर घेतलं, त्या साहेबांनी ती चौकट एकदाही वाचली नव्हती. चष्मा पुसून त्यांनी मोठ्याने वाचलं, "हे ॲप ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसवता येत नाही. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून प्रयत्न करा."

लेकीला हसू आवरेना. "म्हणजे त्याला तुम्ही नको आहात. आईच्या खात्यातून बसवा. तिची यादीही तिथूनच उघडेल."

"ॲडमिनला नाही म्हणणारं हे कोण टिकोजीराव?"

"ते त्यालाच विचारा. मला मीटिंग आहे."

बायको शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. साहेबांनी तिचं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड त्यांनीच ठेवलेला, त्यामुळे न बघता टाइप केला. चुकीचा. एकेक अक्षर बघून टाइप केला. तरी चुकीचाच.

"तू बदललास?"

तिने होकाराची मान हलवली.

"काय ठेवलास?"

तिने तोंड उघडलं. "स... स..." गळ्याच्या शिरा ताणल्या, पण पुढचं काही येईना.

"सकाळ? सागर? समई?" कोडं सुटल्यासारखे साहेब भराभर सांगत सुटले. ती प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होती. त्यांनी लेकीचं नाव घालून बघितलं, मग लग्नाची तारीख. लग्नाची तारीखही चुकीची निघाली तेव्हा त्यांना चांगलंच झोंबलं. एकाच घरात राहून हिला आपल्यापासून काय लपवायचं होतं? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, ते त्यांनी पाहिलं आणि तरी राग काही उतरेना.

"राहू दे. मी रीसेटच करतो."

ॲडमिनला त्यात काही अवघड नव्हतं. ते आपल्या खात्यात गेले, तिचं खातं निवडलं, नवा पासवर्ड घातला. सूचना आली, की असा बाहेरून पासवर्ड बदलला तर या व्यक्तीने साठवलेले बाकीचे पासवर्ड पुसले जातील. गाण्यांच्या ॲपचा पासवर्ड त्यातच होता. तो गेला की यादीही गेली. ही सूचना मात्र त्यांनी नीट वाचली. वाचूनही बाण 'ठीक आहे'वर नेला, कारण त्या घडीला त्यांना यादीपेक्षा तिचं ते कुलूप फोडायचं होतं.

तिचा डावा हात त्यांच्या मनगटावर येऊन पडला.

"न... नका."

साहेबांनी माउस सोडला. झटका आल्यापासून तिच्या तोंडून फुटलेला हा पहिला धड शब्द. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण बघू!" पण तिला शाबासकी नको होती. तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. साहेबांनी निमूटपणे ती सूचना बंद केली आणि तिच्या खात्याची चौकट समोर आणून दिली. तिने बोट कीबोर्डवर ठेवलं, आणि दाबलं नाही. त्यांच्याकडे बघत राहिली.

"टाक ना."

"नका," ती म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून, सगळा जीव एकवटून, "ब... बघू."

साहेबांना लाज वाटली. ते उठले आणि कपाटाकडे तोंड करून उभे राहिले.

मागे एकेक बटण वाजायला लागलं. चुकल्याचा आवाज आला. 'कॅप्स लॉक बघ' हे शब्द साहेबांच्या जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले. पुन्हा बटणं. या वेळी खातं उघडल्याचा आवाज आला. ॲपची फाईल त्यांनी दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवली होती, पण डाव्या हाताने माउस धरून तिला ती सापडणार कशी? ती कुठे कुठे अडेल हे त्यांना पाठ होतं. सांगायला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. माउस टेबलावर घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता.

आणि मग गाणं सुरू झालं. साहेबांनी ते जन्मात कधी ऐकलं नव्हतं. आधी नुसती वाद्यं, मग गाणाऱ्याचा आवाज, आणि दुसऱ्या ओळीपासून त्याच्या खाली तिचा. घोगरा, सुराला सोडून जाणारा, पण शब्द अख्खे. एकामागून एक, एकही न अडता. साहेबांच्या डोळ्यांसमोरचं कपाट धूसर झालं. किती दुपारी हा आवाज या खोलीत होता, आणि ते भिंतीपलीकडे घोरत पडले होते.

गाणं संपलं. ती काहीतरी म्हणायला लागली.

"व... व..."

वळा म्हणत असेल. किंवा वाढवा, आवाज वाढवा. किंवा आणखीच काही. साहेबांनी या वेळी काही सुचवलं नाही. तिचा शब्द पुरा व्हायची वाट बघत ते तसेच उभे राहिले.