वरच्या गावची चूल

फान्तीनो कासिलेइतका बडबड्या माणूस आमच्या डोंगरात शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका एकटाही. हे मी म्हणते, कारण माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. म्हणजे तो माझा कोम्पारे आणि मी त्याची कोमारे. आमच्याकडे हे नातं सख्ख्यापेक्षा घट्ट, त्यामुळे त्याला शिव्या घालायचा हक्क माझा.

पुराने आमचं डोंगरावरचं गाव, वरचं कालामोना, खचलं तेव्हा सरकारने सगळ्यांना खाली समुद्राकाठी आणून बसवलं. सगळे आलो. फान्तीनोची आई, मीका मावशी, तेवढी आली नाही. "नवरा ज्या खाटेवर गेला त्याच खाटेवर मी जाणार," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. पोरगा तिच्यासोबत राहिला. पुढे त्याचं लग्न ठरलं होतं, नाही असं नाही. मुलीने विचारलं, वर वीज कधी येणार? या शहाण्याने खरं ते सांगितलं. मोडलं लग्न! थोडं खोटं बोलला असता तर काय जात होतं मेल्याचं?

आधी शेळ्या राखायचा. मग लोक पडकी गावं बघायला यायला लागले. पडक्या भिंती बघायला माणसं पैसे मोजतात हे मला कित्येक दिवस पटेना. रेज्जो शहरातलं सहलींचं एक ऑफिस त्यांचे गट पाठवायचं. सकाळी सगळे माझ्या पावाच्या भट्टीपाशी जमायचे, मी पाव आणि शेळीचं चीज बांधून द्यायची, आणि फान्तीनो त्यांना घेऊन नदीच्या कोरड्या पात्रातून, कण्हेरीच्या झुडपांतून वर चढायचा. माझे गुडघे धड होते तेव्हा मीही एकदा गेले होते. किल्ला आणि जुन्या चर्चमधली रंग उडालेली चित्रं त्याने दोन वाक्यांत उरकली. गल्लीत शिरला मात्र, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"हे नत्सारेनोचं घर. कंजूष असा की लग्नातली मेणबत्ती अर्धी जळल्यावर विझवून ठेवली, आणि तीच बायकोच्या मयताला लावली. बायको त्याआधी म्हणायची, मी मरते लवकर, नाहीतर उंदीर खातील ती मेणबत्ती."

लोक पोट धरून हसायचे. प्रत्येक दारापुढे एक गोष्ट. त्या सगळ्या माणसांना मीही ओळखत होते, पण त्याच्या तोंडून ऐकताना वाटलं, आत्ता कोणीतरी खिडकी उघडून ओरडेल, काय रे फान्तीनो, आमची अब्रू काढतोस? खिडकी कुठली उघडतेय. अंजिराची झाडं घरांच्या आतून वाढून छपराबाहेर आलेली.

संध्याकाळी तो गट खाली आणून सोडायचा, माझ्याकडे उभ्याउभ्या पेलाभर वाईन घ्यायचा. "जातो कोमारे, म्हातारी वाट बघत असेल." की पुन्हा वर. माझ्या भट्टीच्या दारातून वरचं गाव दिसतं. थोड्या वेळाने त्यांच्या घराचा धूर निघाला की मला बरं वाटायचं.

या गटांमध्ये एक बाई दरवर्षी यायची, थंडी सरता सरता बदामाला फुलं येतात तेव्हा. इरमा नाव, तिकडे उत्तरेत नोवाराची. रेल्वेच्या खिडकीत तिकिटं देऊन निवृत्त झालेली. एकटी यायची आणि सगळ्यांत मागे चालायची. गोष्टी तिला पाठ झालेल्या. फान्तीनो एखादी विसरला तर मागून आवाज यायचा, "मेणबत्तीची राहिली." बाकी बोलणं शून्य. गावातल्या रिकामटेकड्यांना तेवढं पुरे. "फान्तीनो, तुझी नोवारावाली आली रे, दाढी कर!" तो लाल व्हायचा. तसं काही नव्हतं. मला विचाराल तर असतं तर बरं झालं असतं.

मग मीका मावशी गेली. थंडी अजून सरली नव्हती. चौघांनी तिला नदीच्या पात्रातून खाली आणलं, चर्चमध्ये सगळं कालामोना जमलं, सगळ्यांनी फान्तीनोचे गाल चुंबले आणि सगळे आपापल्या घरी गेले.

आता आमची रीत अशी, की मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण नेतात. त्याला कुन्सुलु म्हणतात. नुसतं दारात ठेवून यायचं नसतं. टेबलावर चादर घालायची, वाढायचं, त्यांच्याबरोबर चार घास खायचे, भांडी घासून निघायचं. घरच्यांनी जागचं उठायचंसुद्धा नाही. कुन्सुलु येऊन गेलं की मग घरची चूल पेटवायची. आणि ज्याने आणलं त्याच्या घरी मयत झालं की आपण न्यायचं. हे देणं कोणी बुडवत नाही.

मी फान्तीनोला कब्रस्तानाच्या फाटकातच धरला. "माझ्याकडे चल. गरम सूप आहे."

"कुन्सुलु दुसऱ्याच्या घरी जाऊन खातात का, कोमारे? ते घरी येतं."

"अरे डोक्यावर पडलायस का? वर यायचं कोणी? रस्ता वाहून गेला, पोरं तोरिनो नाहीतर जर्मनीत, उरलो आम्ही गुडघे धरून बसलेले!"

"आई यायची की खाली," तो हळूच म्हणाला. "प्रत्येकाच्या दारात. डोक्यावर पातेलं घेऊन."

खरंच होतं ते. माझा नवरा गेला तेव्हा पहिलं पातेलं मीका मावशीचंच आलं होतं. फान्तीनो वर गेला. संध्याकाळी मी भट्टीच्या दारात उभी राहिले. धूर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही नाही. हाडं गोठवणारा वारा आणि हा हट्टी बोकड थंड घरात शिळा पाव चावत बसलेला. मी दारोदार फिरले. जो तो म्हणे, कोणीतरी जाईल. हे कोणीतरी मला भेटलं असतं तर मी त्याला पोळपाटानेच हाणलं असतं. माझा जीव तीळतीळ तुटत होता, आणि जिना उतरताना माझेच पाय लटपटत होते.

त्याच आठवड्यात गट आला. मी सांगितलं, मयत झालंय, वाटाड्या येणार नाही. लोकांनी तोंडं वाकडी केली आणि ते बस धरून दुसरीकडे गेले. इरमा गेली नाही. ती भट्टीच्या दारात उभी राहून वर बघत होती.

"धूर का नाही?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं, रडत, चिडत. ती ऐकून म्हणाली, "काय काय न्यायचं असतं?"

"सिन्योरा, तुम्ही परक्या..."

"वाट मला पाठ आहे. द्या."

मी सूपचं पातेलं फडक्यात घट्ट बांधलं, शेळीच्या मटणातला पास्ता, पाव, वाईन, पांढरी चादर, सगळं तिच्या सॅकमध्ये कोंबलं. सगळे नियम सांगितले. परतफेडीचाही सांगितला. ती पहिल्यांदाच हसली. "माझ्याकडे आणायचं म्हणजे फार लांब पडेल त्याला."

अंधार पडायच्या आत ती परतली, आणि पात्रापर्यंत तिला सोडायला तो आला होता. पाहुणीला एकटीला कसा उतरू देईल? मी विचारलं, काय बोललात? "काही नाही. मेणबत्तीची गोष्ट मी सांगितली त्याला," ती म्हणाली. सकाळी वर धूर दिसला आणि मी पीठ मळता मळता ढसाढसा रडले.

त्यानंतरही ती दरवर्षी यायची. तशीच मागे चालायची. फान्तीनो आता वर अगदी एकटा. दिवसभर परक्यांना हसवायचा, संध्याकाळी पेला रिकामा करायचा आणि "म्हातारी वाट बघत असेल" हे ओठावर आलेलं गिळून चढायला लागायचा. खाली ये म्हटलं तर ऐकायचा नाही.

मग एका वर्षी बदाम फुलला आणि ती आली नाही. त्याने माझ्या दुकानातून रेज्जोच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं, बाई पानगळीतच वारल्या. त्याने पत्ता मागून घेतला, फोन ठेवला आणि म्हणाला, "एक कोंबडी दे."

माझ्याच चुलीवर त्याने सूप केलं. मी म्हटलं, "अरे, महिने झाले तिला जाऊन!"

"मला आज कळलं."

"तिच्या घरी आहे तरी कोण?"

"कोणीतरी असेलच की. माणूस मेलं म्हणजे घर असणार, घर म्हणजे माणसं असणार." आईच्या मयताला घातलेला सूट चढवला, पातेलं मांडीवर घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा उत्तरेच्या गाडीत बसला.

परत आला तेव्हा पातेल्याची गाठ तशीच होती. ते त्याने माझ्या फळीवर ठेवलं.

"दारावर दुसरंच नाव होतं," तो म्हणाला. "नवी माणसं. त्यांना वाटलं मी काही विकायला आलोय. शेजारीण म्हणाली, तिला कोणीच नव्हतं. नगरपालिकेने पुरलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोमारे, इतकी वर्षं आली. गावातल्या सगळ्या मेलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या मी तिला. घरी कोण आहे तुमच्या, एवढं एकदा विचारलं नाही."

तो वर निघून गेला.

संध्याकाळी धूर नाही. म्हटलं दमला असेल. सकाळी नाही. पुन्हा संध्याकाळी नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. अगं बाई, मयताचं घर नोवाराला नव्हतंच. ते वर होतं.

मी कोंबडी कापली, सूप केलं, पातेलं डोक्यावर घेतलं. गुडघ्यांना म्हटलं, मोडायचं तर उद्या मोडा. किती ठिकाणी बसले, किती शिव्या दिल्या, नदीच्या दगडांनाच ठाऊक. नत्सारेनोच्या दाराशी तर वाटलं, आता इथेच आडवी होते.

फान्तीनो थंड चुलीपुढे कोट पांघरून बसला होता. मला बघून ताडकन उठला. "कोमारे! तू? गुडघे..."

"बस खाली. उठायचं नसतं."

तो बसला. मी टेबलावर चादर घातली, सूप वाढलं, समोर बसले. त्याने न विचारता ओळखलं, हे इरमाचं कुन्सुलु. थोडं खाल्लं. मग म्हणाला, "तेव्हा तू तिला पाठवलंस म्हणून आई गेल्यावर मी जगलो. तुझे उपकार."

"मी कसली पाठवतेय," मी म्हटलं. "मी भट्टीत रडत बसले होते. तिने वर बघितलं आणि विचारलं, धूर का नाही."

हे त्याला माहीतच नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, मीही नाही. त्याने चमचा खाली ठेवला आणि रडला, आईच्या वेळी रडला नव्हता तसा, मोठ्याने. सबंध रिकाम्या गल्लीत ऐकू जात असेल, पण ऐकायला कोण होतं? मी त्याला रडू दिलं, पाव कापला आणि त्याच्या ताटात ठेवला.