कुटुंब किती?

आधीच सांगून टाकतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. मराठी पाचवीनंतर शाळा सुटली आणि अब्बांच्या शिलाई मशीनवर बसलो. त्यामुळे माझा टाका सरळ पडतो, पण वेलांटी पहिली कुठं आणि दुसरी कुठं ते अजून कळत नाही. शब्दही घरचेच आहेत. चुकलं असेल तिथं तुम्हीच दुरुस्त करून वाचा.

माळावरून चालत घरी आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात. कधी चिकटली ते कळत नाही, बसायला गेलं की टोचतात. सर्व्हेच्या गोष्टींचं तसंच झालंय. तीन महिने काम केलं, आणि आता कुठंही चार माणसांत बसलो की एक तरी टोचतेच.

सर्व्हे म्हणजे काय, तर पुण्याहून एक प्रोफेसर आमच्या गावाची आर्थिक स्थिती अभ्यासायला आले होते. काष्टीपासून तीन कोसांवर आमचं गाव. लढाई संपली होती पण कंट्रोल संपला नव्हता, असे ते दिवस. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर, लुगडंसुद्धा कार्डावर! प्रोफेसरांबरोबर बेहेरे म्हणून एक बी.ए. झालेले असिस्टंट होते. गावचा कोतवाल मारुतीमामा त्यांचं घडीचं टेबल डोक्यावर घेऊन पुढं चालायचा. आणि माझं अक्षर बरं म्हणून नकला करायला मला घेतलं. प्रोफेसर मला 'बाबूराव' म्हणायचे. मला आजवर कुणी राव म्हटलं नव्हतं. पहिले चार दिवस ते दुसऱ्याच कुणाला हाक मारतात असं वाटून मी मागं वळून बघायचो.

*

पहिल्या दिवशी बेहेऱ्यांनी छापील फॉर्म काढला आणि पहिल्याच घरी विचारलं, "तुमचं कुटुंब किती?"

घरधनी जरा बिचकला. मग म्हणाला, "येकच हाय की!"

बेहेऱ्यांनी एक लिहिलं. पुढच्या घरी, "कुटुंब किती?" "येक." त्याच्या पुढच्या घरी, "येक. का वो? पुन्याला किती असत्यात?"

संध्याकाळी चावडीत प्रोफेसरांनी फॉर्म चाळले आणि त्यांचा चष्मा नाकावर खाली घसरला. "बेहेरे, हे सगळं गाव एकेकटं राहतं?"

"हो सर. फक्त बापू पैलवानाचं कुटुंब दोन. त्याने सांगितलं आणि इकडेतिकडे बघून लाजला."

मारुतीमामा दाराशी तंबाखू मळत होता. त्याला हसू आवरेना. "सायेब, आमच्याकडं कुटुंब म्हंजी बायकू! तुमी दिसभर गावाला इचारत फिरला, बायका किती हायती!"

मला हे पहिल्याच घरी कळलं होतं. पण बी.ए. झालेल्या माणसाला मध्येच थांबवायचं कसं? मी दिवसभर घाम पुसत गप्प राहिलो.

प्रोफेसरांनी तिथल्या तिथं नियम बदलला. कुटुंब शब्द बंद. एक चूल, एक घर, एक फॉर्म. "चूल ही वस्तुनिष्ठ गोष्ट आहे," ते म्हणाले. "तिच्यात घोटाळा होत नाही!"

*

ही चुलीची बातमी गोदाक्कानं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी ती मला विहिरीवर गाठून म्हणाली, "बाबू, माजा कागद येगळा लिव्ह."

गोदाक्का विधवा. दीर बाजीरावाच्या गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून ती आपलं करून खायची. पण कार्डावर तिचं नाव बाजीरावाच्या घरात. तिच्या नावावर येणारं लुगडं बाजीरावाची बायको शेवंता नेसायची. गोदाक्काच्या अंगावरचं लुगडं मी शिंप्याच्या नजरेनं पाहिलं. फाटक्याला फाटकं जोडून तीन ठिकाणी दंड घातलेले होते. चौथा घालायला कापडच उरलं नव्हतं.

"तलाठी म्हनतो, येगळी ऱ्हातीस तर शिक्क्याचा कागद आन. तुज्या सायेबाकडं शिक्का हाय न्हवं?"

शिक्का होता. 'सांगतो' म्हणालो. पण सांगायला जीभ हलेल तर ना! रोज सकाळी ठरवायचो, रोज संध्याकाळी तसाच घरी यायचो.

*

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, वर्षातून किती दिवस रिकामे असता. म्हणजे बेकारी मोजायची. पारावर कायम बसणारे तात्या होते, त्यांना बेहेऱ्यांनी विचारलं.

तात्या भडकले. "रिकामा? मी? कवाच न्हाई!"

"मग काय करता?"

"बसतो."

"बसून काय करता?"

तात्यांनी विचार केला. "बगतो."

'बघतो' असा रकाना फॉर्मवर नव्हता. बेहेऱ्यांनी पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'देखरेख'. बाकीच्यांनाही ते पटलं. पारावरच्या अकरा जणांनी एकापाठोपाठ एक देखरेख सांगितली. प्रोफेसरांनी त्याखाली लाल रेघ ओढून लिहिलं, 'या गावात व्यवस्थापकीय श्रमाचे प्रमाण लक्षणीय आहे.'

तात्यांना हे कळल्यापासून ते पारावर जरा ताठ बसायला लागले.

*

बायकांनी तर बेहेऱ्यांना रडकुंडीला आणलं. नवरा शेतात आणि बेहेरे दारात. "घरच्या कर्त्याचं नाव काय?" आता नवऱ्याचं नाव कोण घेणार? एक म्हणाली, "बुधवाराच्या आदल्या दिशी जे येतं, ते." बेहेऱ्यांनी 'मंगळू' लिहून घेतलं, ते बरोबर निघालं. त्यांना वाटलं, आपल्याला युक्ती साधली!

पुढच्या घरची म्हणाली, "समूरच्या देवळात हाय त्येच."

समोर मारुतीचं देऊळ. बेहेऱ्यांनी झोकात 'मारुती' लिहिलं. पण नवऱ्याचं नाव निघालं गणपत. तो देवळात झोपला होता!

*

काष्टीच्या बैलबाजाराला आम्ही छकड्यातून गेलो. वाटेत प्रोफेसर आम्हाला अर्थशास्त्राचा इतिहास सांगत होते. आधीचे पंडित म्हणाले, संपत्ती जमिनीतून येते. नंतरचे म्हणाले, छे, श्रमातून येते. त्याच्या नंतरचे म्हणाले, ते दोघेही चुकले, किंमत गिऱ्हाइकाच्या मनात असते. आणि अजून वाद चालू आहे.

मारुतीमामा कासरा सैल सोडून म्हणाला, "म्हंजी भावकीच म्हना की! वाटनी झाली का न्हाई मग?"

प्रोफेसर हसले. म्हणाले, "मारुती, बाजारात कुणी हुकूम करत नाही, तरी भाव ठरतो. जणू एक अदृश्य हात तो ठरवत असतो."

"व्हय, हाय की," मामा म्हणाला. "दावू?"

आणि बाजारात पोचल्यावर त्यानं खरंच दाखवला! दोन व्यापारी समोरासमोर उभे, दोघांच्या हातावर उपरणं टाकलेलं, आणि आत बोटं दाबून बैलाचा सौदा चाललेला. तोंडानं एक शब्द नाही. मामा म्हणाला, "ह्यो बगा. दिसत न्हाई, पर हाय."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लहान मुलासारखे म्हणाले, "मी आत हात घालून बघू का?"

व्यापाऱ्यानं उपरणं वर केलं, प्रोफेसरांनी हात घातला. त्यानं बोटं दाबली. गुदगुल्या झाल्यासारखे प्रोफेसर हसले आणि मान हलवली.

"हसता काय सायेब," व्यापारी म्हणाला, "बैल घेतला तुमी!"

तो सौदा मोडायला मारुतीमामाला अख्खी दुपार आणि सहा कप चहा लागला. तेव्हापासून प्रोफेसर कुठल्याही बाजारात दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून फिरायचे.

*

आता चुलीचं ऐका. वस्तुनिष्ठ गोष्ट म्हणे!

आमच्या गावात कसं कळलं कुणास ठाऊक, पण कळलं ते असं, की सायेब चुली मोजतायत आणि जेवढ्या चुली तेवढी नवी कार्डं मिळणार. दोन दिवसांत गावातली पांढरी माती संपली. ज्याच्या त्याच्या अंगणात ओल्या चुली! एका घरात बाप, दोन मुलगे आणि आजा, चौघांच्या चार. आजा म्हणाला, "मी येगळा निगालोय. पोरांचं न् माजं पटत न्हाई." आणि हे तो नातवाच्या ताटातली भाकरी मोडत सांगत होता!

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. "बेहेरे, लिहून घ्या. एकत्र कुटुंबपद्धती आपल्या डोळ्यांदेखत मोडते आहे!"

बेहेऱ्यांना शंका आली. ते म्हणाले, जिच्यातून धूर निघेल तीच चूल खरी. दुसऱ्या सकाळी ते चावडीच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, चढून धूर मोजायला बसले. खाली तात्यांनी पारावरून आरोळी ठोकली, "सायेब वर बसल्यात रं! धूर काडा!" देखरेखच करायची होती ना त्यांना. सगळ्या गावानं ओला पाला पेटवला. बेहेरे खोकत खोकत शिडीवरून उतरले आणि दिवसभर त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा मी न विचारता बोललो. माझे कान तापले होते. "साहेब, राख बघा. धूर आज काढता येतो. राख रोज रांधल्याशिवाय साठत नाही."

प्रोफेसर माझ्याकडं वळले. म्हणाले, "बाबूराव, पुण्यात हे कुणाला सुचलं नसतं." मला वाटलं, झालं! गोठ्यातल्या त्या तीन दगडांमागं गोदाक्काचा राखेचा ढीग गुडघ्याएवढा होता. मी त्याच दमात तिचंही सांगून टाकलं. उद्या तिकडं जाऊ, असं ठरलं.

मी हे चावडीत बोललो. चावडीला भिंती चार, पण कान पन्नास!

*

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर गोठा लख्ख. दगड नाहीत, राख नाही. कोपरा ताज्या शेणानं सारवलेला, वर रांगोळीची चार बोटं ओढलेली! बाजीराव हात जोडून उभा. शेवंता दारात, नव्या हिरव्या लुगड्यात. गोदाक्का एका बाजूला, हातात आपला तवा धरून. तेवढाच तिनं वाचवला होता.

"सायेब, ही आमच्यातच जेवती," बाजीराव म्हणाला. "येगळं काय न्हाई."

गोदाक्कानं तवा उलटा करून पुढं धरला. "मग ह्यो काळा कशानं झाला?"

"माज्याच चुलीवर झाला की!" बाजीराव म्हणाला.

प्रोफेसरांनी तव्याला बोट लावलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि ते आपल्या पांढऱ्या धोतराला पुसलं. मग हळूच म्हणाले, "राख नाही, बाबूराव. नियम तुमचाच आहे."

गोदाक्का माझ्याकडं बघत होती. तिनं पदर ओढून घेतला, तर दंडाची शिवण उसवली. ते मला ऐकू आलं. शिंप्याला ते ऐकू येतंच.

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. मी फॉर्म काढला. नवा नाही, पहिल्या दिवशीचा, छापील. माझा आवाज फाटला, पण निघाला.

"बाजीरावदादा, मग लिहून टाकतो. गोदाक्का तुमचं कुटुंब, बरोबर?"

"व्हय, लिव्ह," बाजीराव म्हणाला. "माज्याच कुटुंबात..."

मागून मारुतीमामा खाकरला. मग पहिली बाई फिस्सकन हसली.

शेवंता दारातून एक पायरी खाली उतरली. "काय म्हनलात?"

"अगं, तसं न्हवं..."

"दोन म्हनून लिव्हतोय त्यो! बापू पैलवानागत! सगळ्या गावाम्होरं?"

"आरं बाबू, थांब! खोड ते!" बाजीरावाला दरदरून घाम फुटला. "येगळी हाय! लई येगळी हाय! कवाधरनं येगळी हाय! सायेब, लिव्हा येगळी!"

प्रोफेसर गोंधळून एकदा माझ्याकडं, एकदा बेहेऱ्यांकडं बघत होते. बेहेरे मात्र लालबुंद होऊन आभाळाकडं बघत होते. मी लिहिलं, बाजीरावाचा अंगठा घेतला, आणि शिक्क्यासाठी कागद प्रोफेसरांपुढं धरला. त्यांनी शिक्का मारला. मग राहवेना म्हणून गोदाक्काला विचारलं, "बाई, पण तुमच्या घरात माणसं किती लिहायची?"

"मानूस गेला," गोदाक्का म्हणाली. "कुटुंब ऱ्हायलं. येक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद टोपीच्या अस्तरात शिवला आणि तिच्या वेगळ्या कार्डासाठी श्रीगोंद्याच्या कचेरीला पायी निघालो. गोदाक्कानं वाटेत खायला दोन भाकरी बांधून दिल्या होत्या. ओढ्यावर बसून सोडल्या, तर खालच्या भाकरीला राख लागलेली होती. ती खालची मी तशीच परत बांधून ठेवली. कचेरीत कारकून पुरावा मागतात.