म्हाताऱ्याच्या पेन्सिलवर माझी शाई

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. नाहीतर चहा परत घेईन!

तेव्हा आम्ही शारजात, रोल्ला भागात राहायचो. मी ड्राफ्ट्समन, म्हणजे बिल्डिंगांचे नकाशे काढणारा. लेक मानसी कॉमिक्सची वेडी. दुबईच्या एका पुस्तकांच्या दुकानात अमेरिकेतला म्हातारा कॉमिक्स आर्टिस्ट दोन दिवस येणार होता. आठवडाभर जेवताना मानसीचं त्याचं चरित्र सांगणं चालू. मी आपला 'हं, हं' करत आमटी-भात ओरपतोय.

गुरुवारी बायको तिला घेऊन गेली. म्हाताऱ्याने समोर बसवून मानसीचंच चित्र काढून दिलं. पोरगी हवेत!

शुक्रवारी सकाळी ती झोपलेली. मी चित्र बघितलं आणि जीव हळहळला. नुसती पेन्सिल? आमच्या ऑफिसात पेन्सिलीचं ड्रॉइंग म्हणजे अर्धवट काम. गर्दीत बिचाऱ्याला वेळ मिळाला नसेल. काढलं पेन, फिरवली शाई, खालची पेन्सिल रबराने साफ! केसांची बट तर अशी आली, जणू ड्रेनेजची लाइन.

मानसी उठली, बघितलं, रडली नाही. ते जास्त वाईट. "बाबा, आय टोल्ड यू एव्हरीथिंग. यू नेव्हर लिसन."

तेव्हा कुठे तिचं ऐकलं. कॉमिक्समध्ये एकाने पेन्सिलीने काढायचं, दुसऱ्याने त्यावर शाई फिरवायची; म्हातारा जन्मभर दुसऱ्यांच्या पेन्सिलवर शाई फिरवत आला होता. स्वतः चित्र काढायला त्याला कुणी दिलंच नाही. हे त्याचं स्वतःचं होतं, माझ्या लेकीसाठी काढलेलं. आणि मी ते पुसलं होतं!

संध्याकाळी तिला घेऊन दुबई गाठली. रांगेत तिने माझा हात धरला नाही. फार लागलं हो. म्हाताऱ्यासमोर चित्र ठेवून मोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"आयुष्यभर मी हे लोकांच्या चित्रांना केलं," तो म्हणाला. "त्यांना कसं वाटत असेल, ते आज कळलं."

आणि असा हसला, की मानसीही हसली. हळूच माझा हात धरला. माझे डोळे भरले, लपवत नाही.

त्याने चित्राखाली लिहिलं, 'पेन्सिल', आणि आपलं नाव. मग 'शाई' लिहून पेन माझ्या हातात दिलं. अमेरिकन आर्टिस्टच्या शेजारी माझी सही! सही केली, आणि इतक्या वर्षांची सवय, खाली आपोआप तेही लिहिलं गेलं, जे आम्ही प्रत्येक कच्च्या नकाशावर लिहितो.

चित्र आता मानसीच्या घरी भिंतीवर आहे. जावई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझ्या लेकीच्या चेहऱ्याखालची ओळ वाचून दाखवतो: 'नॉट फॉर कन्स्ट्रक्शन'.