भोंग्यावर गेलेलं नाव

तुळशीराम इंगळ्यांच्या तोंडून आपलं मरण जाहीर व्हावं, अशी गावात बऱ्याच जणांची हौस होती. उगाच नव्हे. हा माणूस तीस वर्षं देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर खिडकीमागे बसून जालन्याच्या आणि बुलढाण्याच्या गाड्या पुकारत आलेला. निवृत्त होऊन अमडापुराजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा मारुतीच्या देवळातला भोंगा आपसूक त्याच्याकडे आला. आधी तिथं निवृत्ती नावाचा एक जण बोलायचा, गालात तंबाखूचा खर्रा धरून. एकदा त्याच्या कृपेनं अर्धं गाव सरणाची लाकडं घेऊन भलत्याच दारात उभं राहिलं. त्या घरी साखरपुडा चालला होता.

तुळशीरामांचं काम वेगळं. मजकूर आधी वहीत लिहायचा. थांबायच्या जागी उभी रेघ मारायची. एकट्यानं मोठ्यानं वाचून पाहायचा. मग भोंग्यावर तीनदा सांगायचा: नाव, घर, वेळ. ‘ळ’चा ‘य’ नाही, की शेवटचं अक्षर गिळणं नाही. मयतही बसच्याच सुरात. लोक म्हणत, फक्त फलाट सांगायचा राहतो.

देवळामागे सरस्वतीबाई राहायची. पंचाहत्तरीची, एकटी, जिभेनं तिखट. लेक रुपाली बीबी गावाला दिलेली. एका दुपारी विजेची लाईन गेली असताना बाई देवळात येऊन बसली आणि म्हणाली, “तुळशीराम, माह्यं मयत वाचून दाखव.”

तुळशीराम हसले. तिनं हसू दिलं नाही. जन्मभर लोकांनी तिला भगवंतरावाची बायको, नाहीतर रुपालीची माय म्हणून हाक मारली. पूर्ण नाव कोणी घेतलंच नव्हतं, आणि भोंग्यावर घेतील तेव्हा ती नसेल. “मंग कोणासाठी घेता ते?” असा तिचा सवाल. तुळशीरामांनी वहीत चार ओळी लिहिल्या, रेघा मारल्या. तालीम असली तरी माईकसमोरच, हा बाईचा हट्ट. लाईन नव्हतीच, म्हणून बटण कोणी पाहिलं नाही.

“श्रीमती सरस्वतीबाई भगवंतराव मोरे यांचे दुःखद निधन झाले आहे.” बाईनं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हण, म्हणाली. दुसऱ्या खेपेला, नावाच्या ऐन मध्यावर, लाईन आली. आपलाच आवाज पलीकडच्या चिंचेवरून परत येतोय हे तुळशीरामांना कळलं. पण तीस वर्षांची जीभ मध्येच थांबत नाही. तिसऱ्यांदाही सांगून झालं, मग हात बटणाकडे गेला.

तासाभरात तिच्या दारात बांबू, सुतळी, मडकं येऊन पडलं. रुपाली जीपनं रडत आली आणि आईला ओट्यावर वाटाणे सोलताना पाहून तिला रडू की हसू कळेना. गावही हसलं. मात्र आणलेले बांबू कोणी परत नेले नाहीत. मयताचं सामान पुन्हा घरात न्यायचं नसतं. ते तिच्याच भिंतीला टेकून राहिले.

मग हळूहळू रंग बदलला. बाईला नावं ठेवणारे तिची तारीफ करू लागले, तीही तिच्यासमोर आणि भूतकाळात. हात सढळ होता म्हणे बाईचा. शेजारची शालूबाई तिच्याशी बोलण्याआधी कडुलिंबाचं पान चावायची, स्मशानातून आल्यावर चावतात तसं. गावाचा हिशोब सरळ होता: तुळशीरामांचा भोंगा आजवर एकदाही चुकलेला नाही.

तुळशीरामांची झोप उडाली. दुरुस्ती करायची, पण कोणत्या शब्दांत? मरणासाठी वहीभर मजकूर होता, जगण्यासाठी एकही वाक्य नव्हतं. ‘जिवंत आहेत’ म्हटलं तर अपघातातून वाचल्यासारखं वाटे. ‘हयात आहेत’ म्हणजे पेन्शनचा दाखला. ‘निधन झालेले नाही’ म्हणावं, तर वाऱ्यावर शेपूट उडून ‘निधन’ तेवढं शेतापर्यंत पोचणार. शेवटी त्यांनी ‘सुखरूप आहेत’ असं तीनदा सांगितलं. पारावर लोक म्हणाले, चला, सुखरूप पोचली म्हणायची.

दुसऱ्या सकाळी बाईच देवळात आली आणि तिनं माईक ओढून घेतला.

“आयका. म्या सरस्वती बोलून राह्यली. म्या मेली नाई. शालू, माही परात चार महिन्यांपासून तुह्याकडं हाय. आणून दे.”

तुळशीराम ऐकत होते. एकेक दार लागत गेलं. आधी देवळाजवळचं, मग पुढचं, मग पार वेशीपर्यंत. मेलेली बाई भोंग्यावर आपल्या वस्तू मागत होती.

परात मात्र आली. संध्याकाळी ओट्यावर ठेवलेली, तिच्यात दहीभात आणि वर हळदकुंकू, भुताला उतारा ठेवतात तसं. बाईनं तुळशीरामांना हाक मारून ती दाखवली. ते मान खाली घालून माफी मागू लागले.

“तुह्यं काय चुकलं बाप्पा,” ती म्हणाली. “नाव तं लय साफ घेतलं तू. काऊन इतकं साफ घेतलं?”

दहीभात तिनं खाल्ला. पण त्या दिवसापासून ती कोणाशी बोलेनाशी झाली. रुपाली न्यायला आली तरी गेली नाही. पौषात एका सकाळी तुळशीरामांनी तिचं दार ढकललं, तेव्हा ती थंड पडली होती.

वही उघडायची गरज नव्हती. त्यांनी तीनदा सांगितलं, रेघेरेघेवर थांबून, एकेक अक्षर सुटं. मग बाहेर आले. लाकूड घेऊन कोणी निघालं नव्हतं. माणसं आपापल्या उंबऱ्यात उभी, तोंडं भोंग्याकडे. तुळशीराम पुन्हा आत गेले, पुन्हा तीनदा सांगितलं. कोणी हललं नाही. शालूबाई तेवढी देवळाच्या पायरीपर्यंत आली आणि हळूच विचारलं, “भाऊ, तुमचं झालं. आता ती कधी बोलन?”

“ती नाही बोलायची, वहिनी. ती गेली,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेवटचं अक्षर गिळलं.

बटण बंद करायचं राहून गेलं होतं. भोंग्यातून श्वास ऐकू येत होता, हळू, म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा. तो आपलाच आहे हे गावाला दाखवायला तुळशीराम माईकपासून दहा पावलं मागे, पार भिंतीपर्यंत सरकले. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

श्वास चालूच होता.